गाव सोडले तरी मुळाची नोंद ठेवा
(पवई येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



पवईतील आपल्या अनेक कुटुंबांचे मूळ कोकणात आहे. आज मुलांना मूळ गाव विचारले तर ती तालुक्याचे नाव सांगतात. वाडीचे नाव फक्त आजीला ठाऊक असते. म्हणून सुट्टीत आम्ही काही कुटुंबे मुलांना घेऊन महाडमार्गे मंडणगड तालुक्यातील आंबडवे येथे व तेथून आपापल्या गावी जाऊन आलो.

निघताना एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "ज्या गावाने आम्हांला पाणवठ्यावर उभे केले नाही, तिथे काय बघायचे?" प्रश्न रास्त आहे. खुद्द बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्यांवर कठोर टीका केली होती. आम्ही गेलो ते गावाचे गोडवे गाण्यासाठी नव्हे, तर हिशेब समजून घेण्यासाठी.

महाडला चवदार तळ्याच्या काठी मुलांना इतिहास सांगितला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. पण हक्क कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब व हजारो सत्याग्रही पाणी प्यायले, तेव्हा त्या कागदात प्राण आला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी तर लष्करातून निवृत्त झाल्यावर एकोणिसाव्या शतकातच अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली होती.

आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव, घराणे सकपाळांचे. आजोबा मालोजी व वडील रामजी लष्करात होते, म्हणून त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ते दाखल झाले. तेथील रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. गाव सुटले, पण गावाचे नाव आडनावात राहिले आणि जगभर गेले. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद हेही आंबडव्यास येऊन गेले.

मित्रांनो, आम्ही बँकेतली माणसे. मागची शिल्लक कळल्याशिवाय पुढचे पान लिहीत नाही. आपली मागची शिल्लक शाळेच्या जनरल रजिस्टरात, सातबाऱ्यात, वतनाच्या जुन्या कागदांत आहे. ज्या महार वतनाने आपल्या पूर्वजांना रात्रंदिवस राबवले, त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कौन्सिलात विधेयक मांडले; वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ मध्ये. ती गुलामी गेली हे उत्तमच झाले. परंतु त्याच दप्तरात आपल्या पणजोबांची नावे सापडू शकतात. जुने कागद मोडीत आहेत. ते वाचणारे थोडे आणि आठवणी सांगणारे त्याहून थोडे उरले आहेत.

तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याने एक पान लिहावे : गाव, वाडी, मुंबईत प्रथम कोण आले, काय काम केले, कोणत्या चाळीत राहिले आणि घरात पहिल्यांदा शाळेत कोण गेले. आजीला आजच विचारा. आपला इतिहास आपण लिहिला नाही, तर दुसरा कोणी आपल्या दारी येऊन लिहिणार नाही.