हाताला वळण
(मंडळाच्या मासिक सभेत वाचलेले भाषण)



मी काही फार शिकलेली बाई नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. म्हणून लहान मुलांच्या लेखनावर मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले तेव्हा मला हसूच आले. पण दोन मुलांना लिहायला बसविले आणि त्यांतल्या एकाच्या बाबतीत चुकले, एवढाच माझा अधिकार समजा.

थोरल्याला साडेतीन वर्षांचा असतानाच शिशुवर्गात घातला. तिथे रोज वहीचे पान भरून नेण्याचा नेम. तो पेन्सिल मुठीत आवळून धरी. मी त्याचा हात माझ्या हातात घेऊन ओळींमागून ओळी गिरवून घेई. पोर रडे. शेजारच्या मुलीचे अक्षर दाखवून मी त्याला टाकूनही बोले. पान भरे खरे, पण ती आवळून धरण्याची सवय त्याला कायमची चिकटली. दहावीच्या परीक्षेत त्याचा मराठीचा निबंध अर्धा राहिला. घरी येऊन म्हणाला, "आई, येत होतं सगळं, पण हातच चालेना." ते बोलणे अजून माझ्या मनातून जात नाही.

धाकटीच्या वेळी अंगणवाडीच्या सेविकाबाईंनी मला नीट समजावून सांगितले. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती सगळी कूर्चाच. तीन वर्षांच्या मुलाची त्यांतली दोनतीनच हाडे धरू लागलेली असतात, आणि शेवटचे धरायला नऊदहा वर्षांचे वय उजाडते. पेन्सिल तीन बोटांत हलकी धरणे बहुतेक मुलांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान साधते. आधी रेघ येते, तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वाटोळे, चौथ्याच्या सुमारास फुली, मग चौकोन, आणि त्रिकोण त्याच्याही मागून. आणि मी साडेतीन वर्षांच्या पोराकडून 'क्ष' गिरवून घेत होते!

मग लिहायला बसवूच नये की काय, असे कोणी विचारील. तसे नव्हे. गिरवण्याने बोटे तयार होतातच. पण गिरवायला वहीच लागते असे कोणी सांगितले? आपल्याकडे धूळपाटी होती. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढले, तिथे मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत. आपल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच साधने केली.

धाकटीला मी स्वयंपाकघरातच जवळ बसवी. मटार सोलणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, कणकेच्या गोळ्या करणे, ओला हातरुमाल पिळणे. सासूबाई तिला वाती वळायला देत. वाती कसल्या, कापसाचे बोळेच ते! पण अंगठा आणि दोन बोटे कशी चालत ते बघण्यासारखे होते. रांगोळीची चिमूट सोडतानाही तेच. (मोबाइलच्या काचेवर बोट फिरवायला कसला जोर लागतो?) खडू द्यायचा तर तुकडा द्यावा. अख्खा खडू मूल मुठीत धरते. बोटाच्या पेराएवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो बोटांनीच धरावा लागतो.

मग थाळीत रवा पसरून उभ्या रेघा, आडव्या रेघा, वाटोळी. त्या सरळ यायला लागल्यावर ग, म, भ, न. या चारींना उभा दंड आहे, म्हणून आधी ती. डोक्यावरची रेघ शेवटी, डावीकडून उजवीकडे. पाचदहा मिनिटे झाली की पुरे. मूल कंटाळले तर त्याच्याही आधी थाळी उचलावी. मूल डावरे असेल तर डाव्या हाताने काढू द्यावे. हात बदलायला लावू नये. यावरून आमच्या घरी थोडी वादावादी झाली, पण मी हटले नाही. धाकटी आज डाव्याच हाताने लिहिते. तिची पेन्सिल तिच्या हातून सहज ओढून घेता येते, इतकी हलकी धरलेली असते.

थाळी मी बरोबर आणली आहे. चहा झाल्यावर ज्यांची मुले बरोबर असतील त्यांनी ती माझ्याकडे पाठवावीत. घरी करायचे झाल्यास रवा मात्र जाड घ्या. बारीक रवा बोटांना चिकटतो आणि अक्षर उमटत नाही.