शेत, कळप आणि गावचे जाणते



भीमा आणि अमरजा यांच्या संगमावरील श्रीक्षेत्र गाणगापूर हे अफजलपूर तालुक्याचे भूषण होय. माध्यान्ही श्रीदत्तप्रभू स्वतः भिक्षेस येतात, ही तेथील श्रद्धा; म्हणून दारी आलेल्यास तेथे कोणी परका लेखीत नाही. परंतु त्याच तालुक्याच्या शिवारात दरसाल आणखी एक पाहुणा येतो, आणि त्याचे स्वागत पुष्कळदा काठीने होते. तो पाहुणा म्हणजे मेंढपाळ.

शेतकरी व मेंढपाळ यांचे नाते मुळात वैराचे नव्हे. पावसाळा सरला की धनगर वा कुरुबर घोड्यावर बिऱ्हाड लादून काळ्या जमिनीच्या मुलखाकडे वळतो. सुगी आटोपलेल्या रानात रात्री मेंढ्या बसवावयाच्या, त्यांचे लेंडीखत जमिनीस मिळावयाचे आणि शेतधन्याने त्याबद्दल धान्य किंवा पैसा द्यावयाचा, असा हा परस्पर उपकाराचा व्यवहार आहे.

तंटा उपजतो तो वेळेच्या आणि वाटेच्या प्रश्नातून. मूग-उडदाचे रान लवकर मोकळे होते. त्याच्याच बांधाला लागून तूर मात्र पौषापर्यंत उभी असते. कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले. कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्षाचे सारे गणित त्या एका पिकावर असते. भीमेवरील सोन्न बंधाऱ्यासारख्या योजनांनी पाणी आले, तसा ऊस वाढला. ऊस बारमाही उभा राहणारा. त्यामुळे मोकळे रान घटले आणि कळपाची जुनी वाट अरुंद झाली. एका रात्रीच्या डुलकीत कळप तुरीत शिरला, तर शेतकऱ्याचे वर्ष बुडते. संतापाच्या भरात मेंढ्यांवर घाव पडले, तर मेंढपाळाचे भांडवल बुडते.

ब्रिटिश अमलाखालील मुलखात १८७१ च्या कायद्याने कोंडवाड्याची व्यवस्था घालून दिली. दंड भरला की जनावर सुटते. पण तेवढ्याने तुडविलेली तूर शेतकऱ्यास परत मिळत नाही, आणि दोघांच्या मनातील अढीही सुटत नाही. ती सोडविणे हे जाणत्यांचेच काम.

त्या कामाचा पहिला भाग कळप येण्यापूर्वीचा आहे. कोणती वाट, कोणता पाणवठा, कोणाच्या रानात किती रात्री, हे सुगीच्या आधीच चारचौघांत ठरावे. दुसरा भाग नुकसानीनंतरचा. उभयपक्षी मान्य पंचांनी त्याच दिवशी बांधावर जाऊन नुकसान पाहावे. रात्रीच्या ऐकीव आकड्यावर निवाडा करू नये. तिसरा भाग सर्वांत अवघड आहे. शेतकरी गावचा; त्याचे मत गावात मोजले जाते. मेंढपाळ आठ दिवसांनी पुढे जाणारा. त्याच्या बाजूने बोलणारा गावात कोणी नसतो. ज्याचे कोणी नाही त्याची बाजू मांडू देणे, ही पंचाची खरी कसोटी होय. आपल्या भाऊबंदाविरुद्धही न्याय देता येतो, हे एकदा दिसले की पुढल्या वर्षी मेंढपाळ स्वतः होऊन पाटलाच्या ओट्यावर येतो.

हा अधिकार आता वारसाने येत नाही. म्हैसूर राज्याच्या १९६१ च्या कायद्याने वतनी गावकामगारी मोडीत निघाली. पाटीलकीचा शिक्का गेला, उरला तो केवळ विश्वास. शिक्क्याने दंड वसूल होत असे; विश्वासाने तंटाच होऊ न देणे साधते.

महाजन मंडळींनी यात मागे राहू नये. देवाच्या ओसरीवर शेतकरी व मेंढपाळ दोघेही समान मानाने बसतात. दुसरी अशी जागा गावात क्वचितच सापडते. देवस्थानच्या ताब्यात जमीन असेल, तर तिच्या कडेने कळपाची वाट आणि पाणवठा राखून ठेवण्याचा आरंभ देवस्थानानेच करावा. माध्यान्हीच्या भिक्षेकऱ्यात जो देव दिसतो, तो खांद्यावर घोंगडी टाकून बांधाशी थांबलेल्या माणसातही दिसावा, एवढीच प्रार्थना.