नोकरदारांची रोजची ये-जा

पहाटेचे साडेपाच वाजले, की सातारा, कराड, विटा, सांगली आणि मिरज येथील एस.टी. स्थानकांवर एक वेगळीच वर्दळ सुरू होते. ही गर्दी लग्नसराईची नसते, यात्रेकरूंची नसते आणि बाजारकरूंचीही नसते. या मंडळींच्या हाती फारसे सामान नसते. खांद्याला जेवणाच्या डब्याची पिशवी आणि खिशात मासिक पास, एवढीच त्यांची शिदोरी. फलाटावरील वेळापत्रक ती वाचत नाहीत, कारण ते त्यांना पाठ असते. गाडी स्थानकात शिरताना तिच्या आवाजावरूनच ती कोणत्या गावची हे त्यांतील काहींना ओळखता येते. शिक्षक, परिचारिका, बँकेतील लिपिक, औद्योगिक वसाहतीतील कामगार, ग्रामसेवक, महाविद्यालयातील प्राध्यापक अशा नाना व्यवसायांची ही माणसे होत. घर एका गावी आणि काम दुसऱ्या गावी असलेल्या या वर्गाच्या जाण्यायेण्याला बोलीभाषेत 'अप-डाऊन' असे नाव आहे. रेल्वेच्या परिभाषेतून आलेला हा शब्द आता जीवनपद्धतीचे नाव होऊन बसला आहे.

या ये-जा करणाऱ्यांची दखल शासनदप्तरीही घेतली गेली आहे. २०११ च्या जनगणनेत, शेतीखेरीज अन्य काम करणाऱ्यांना कामाचे ठिकाण घरापासून किती दूर आहे आणि तेथे कोणत्या साधनाने जाता, असे प्रश्न विचारण्यात आले होते. मात्र त्या प्रवासाने माणूस किती थकतो, हे जनगणनेच्या रकान्यात मावणारे नाही. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

वियोगाऐवजी प्रवास

कृष्णाकाठच्या या मुलखात पोटासाठी घर सोडणे नवे नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा जिल्ह्यातील हजारो माणसे मुंबईच्या कापडगिरण्यांत गेली. गिरणगावातील खोलीत दाटीवाटीने राहावे, खानावळीत जेवावे, दरमहा गावी मनीऑर्डर धाडावी आणि गावच्या जत्रेला चार दिवस यावे, असा त्यांचा क्रम असे. त्या काळी दूरची नोकरी म्हणजे घराचा वियोग, हे समीकरण ठरून गेले होते.

स्वातंत्र्योत्तर काळात हे समीकरण हळूहळू बदलले. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली आणि पुढील काही दशकांत लाल गाडी वाडीवस्तीपर्यंत पोचली. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि त्याच वर्षी औद्योगिक विकास महामंडळही स्थापन झाले. सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या, दूधसंघ, बँका, शाळा-महाविद्यालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचे जाळे विणले गेले. परिणामी मुंबईस न जाताही नोकरी मिळू लागली आणि गावातील घर, शेतीचा तुकडा व वृद्ध आईबाप न सोडताही ती करता येऊ लागली.

रोजच्या प्रवासाविषयी बोलताना ही बाजू विसरता कामा नये. गिरणी कामगार वर्षातून एकदा घरी येई. अप-डाऊन करणारा रोज रात्री घरी येतो. हा लाभ लहान नाही. प्रश्न असा, की घरी पोचतो तेव्हा तो कोणत्या अवस्थेत असतो?

वेळेचा हिशेब

घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत एका बाजूस दीड तास लागतो, असे धरू. म्हणजे दिवसाचे तीन तास झाले. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरले, तर पंचाहत्तर तास होतात. वर्षाकाठी हा आकडा नऊशे तासांवर जातो. दिवसरात्रीच्या हिशेबात ते साडेसदतीस दिवस भरतात. वर्षातील सव्वा महिना माणूस केवळ वाटेवर असतो. हा काळ कामाचाही नव्हे आणि विश्रांतीचाही नव्हे. त्याचे वेतन मिळत नाही आणि तो रजेतही धरला जात नाही.

तरीही ताणाचे सारे कारण अंतरात शोधणे चुकीचे ठरेल. चाळीस किलोमीटरवरून येऊन प्रसन्न असणारी माणसे आढळतात आणि दहा किलोमीटरवरून येऊन त्रासलेलीही आढळतात. परदेशांत या विषयाचा बराच अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील ९०९ नोकरदार स्त्रियांच्या दिनक्रमाचा अभ्यास डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसभरातील सर्व उद्योगांत सकाळी कामावर जाण्याचा प्रवास या स्त्रियांना सर्वांत नकोसा वाटत होता. गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेने जाणाऱ्यांची लाळ तपासून तीतील कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण पाहिले. प्रवास जितका लांब, तितके हे प्रमाण अधिक होते. याच संशोधकांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. आजचा प्रवास कसा होईल याचा अंदाज ज्यांना बांधता येत नव्हता, त्यांना ताण अधिक जाणवत होता.

सातारा-सांगलीच्या प्रवाशाला यासाठी प्रयोगशाळेची साक्ष नको. शरीराला अंतर थकविते. मनाला थकविते ती अनिश्चितता. गाडी येईल काय, आली तर थांबेल काय, थांबली तर चढता येईल काय आणि चढलो तरी हजेरीपूर्वी पोचू काय, या चार प्रश्नांत रोजची सकाळ जाते.

अनिश्चिततेची ठिकाणे

ही अनिश्चितता कोठे भेटते, तेही पाहण्यासारखे आहे. साताऱ्याहून शिरवळच्या कारखान्यांत जाणारा कामगार अनेक वर्षे सकाळी खंबाटकीच्या बोगद्यातून जाई; परतताना मात्र त्याला घाट चढावा लागे. चढणीवर एखादी मालमोटार बंद पडली, की मागे वाहनांची रांग लागे आणि घरी पोचण्याची वेळ कोणालाच सांगता येत नसे. दक्षिणेकडे पेठनाक्यावर सांगलीकडे वळणारा प्रवासी उभा असतो. पेठ-सांगली रस्त्याची अवस्था अनेक वर्षे तक्रारीचा विषय होती.

ऊसाचा हंगाम सुरू झाला, की रस्त्यांचे रूपच पालटते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढील चार-पाच महिने बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्यांकडे जात असतात. हा ऊस म्हणजे या भागाची लक्ष्मी. पण मागे दिवा वा परावर्तक नसलेली ट्रॉली रात्रीच्या अंधारात दुचाकीस्वाराला जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दुसऱ्या पाळीहून परतणाऱ्या कामगाराच्या घरी त्या वेळी कोणीतरी जागे असते. हा जागरणाचा ताण प्रवास न करणाऱ्यांच्याही वाट्याला येतो.

पावसाळ्यात कृष्णा-वारणेचे पाणी वाढू लागले, की सांगलीकरांचे लक्ष आयर्विन पुलाकडे लागते. १९२९ मध्ये बांधलेल्या या पुलापाशी पाण्याची पातळी ४० फुटांवर गेली, की इशारा आणि ४५ फुटांवर गेली, की धोका मानला जातो. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील महापुरांत रस्ते तुटले, तेव्हा कामावर गेलेल्यांना घर आणि घरी असलेल्यांना काम गाठता आले नाही.

रेल्वेची गोष्ट थोडी निराळी आहे. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, ताकारीच्या आसपासची गावे, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली, मिरज यांना जोडणारा हा मार्ग दीर्घकाळ एकेरी होता. समोरच्या गाडीच्या क्रॉसिंगसाठी एखाद्या लहान स्थानकात तिष्ठत बसणे, हा प्रवाशांचा नित्याचा अनुभव असे. शिवाय सातारा आणि कराड ही दोन्ही स्थानके शहरांपासून दूर आहेत. त्यामुळे गाडीतून उतरल्यावरही प्रवास संपत नाही.

आणि एस.टी.च नसेल तर? ऑक्टोबर २०२१ अखेर सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांमागे त्यांच्या संसाराची ओढाताण होती. प्रवाशांचीही ओढाताण झाली. ज्यांना दुचाकी परवडली त्यांनी ती काढली. उरलेल्यांनी वडापच्या जीपगाडीत दाटीने अंग चोरून दिवस काढले. लाल गाडीची किंमत त्या महिन्यांत कळली.

स्त्रियांची दुसरी पाळी

नोकरदार स्त्रीच्या बाबतीत हा ताण दुहेरी असतो. पहाटे चारला उठून स्वयंपाक, मुलांचे डबे, सासूसासऱ्यांची औषधे आटोपून ती स्थानक गाठते. सायंकाळी घरी परतल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होते. शेवटची गाडी चुकली, तर पुरुष कोणाच्या तरी दुचाकीवर बसून येतो. तिला तसे करताना दहादा विचार करावा लागतो. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.च्या तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली. त्यामुळे पैशाचा भार हलका झाला, हे निश्चित. मात्र तिच्या दृष्टीने सवलतीइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे सायंकाळची गाडी वेळेवर सुटणे.

एका माळरानावरील उत्तर

घर आणि काम यांतील अंतरच नाहीसे करण्याचा एक प्रयोग याच भागात शतकापूर्वी झाला. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना औंधच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकाजवळील माळरान कारखान्यासाठी दिले. लक्ष्मणरावांनी तेथे केवळ कारखाना उभारला नाही; त्याबरोबर वस्तीही वसविली. कामगार पायी कामावर जाई व पायी घरी येई. पुढे त्या स्थानकालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

आज हे उत्तर सर्वांना जसेच्या तसे लागू पडणार नाही. पती एका तालुक्यात, पत्नी दुसऱ्या तालुक्यात, मुलांचे शिक्षण शहरात आणि आईवडील गावाकडे, अशी आजच्या कुटुंबाची रचना आहे. कोणत्याही एका ठिकाणी बिऱ्हाड केले, तरी दुसऱ्या कोणाची तरी ये-जा वाढते. कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी राहावे हा नियम योग्यच आहे; रात्री-अपरात्री दवाखान्यात परिचारिका असावी, ही गावाची अपेक्षा रास्त आहे. परंतु त्या गावी राहण्याजोगे घर आणि मुलांना चांगली शाळा असेल, तरच नियम सुखाने पाळला जातो. घर बांधणे हाही प्रवासाचा प्रश्न सोडविण्याचाच एक मार्ग आहे.

काय करता येईल

अंतर कमी करणे कठीण असले, तरी अनिश्चितता कमी करणे तितके कठीण नाही. आगाराचे वेळापत्रक आणि शाळा, कारखाने व कार्यालये यांच्या वेळा एकत्र बसून जुळविता येतात. पाळी सुटण्याच्या पाच मिनिटे आधी गाडी निघून जात असेल, तर तो दोष रस्त्याचा नसून नियोजनाचा आहे. वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवासाची मुभा देणारा मासिक पास ज्यांच्याकडे आहे, ते एस.टी.चे रोजचे उतारू होत. आगारप्रमुखांनी त्यांच्याशी अधूनमधून विचारविनिमय केल्यास अनेक अडचणी जागच्या जागी सुटतील. गाडी उशिरा येणार असेल, तर ते स्थानकावर आधी सांगावे. वीस मिनिटांचा उशीर आहे हे कळले, की ती वीस मिनिटे प्रवाशाच्या मालकीची होतात. न कळले, तर ती केवळ वाट पाहण्यात जातात. ऊसवाहतुकीच्या प्रत्येक वाहनामागे परावर्तक लावणे, हे कारखान्यांच्या हाती असलेले आणि अल्प खर्चाचे काम आहे. हजेरीच्या बाबतीत दहा-पंधरा मिनिटांची सवड ठेवून ती सायंकाळी भरून घेण्याची पद्धत जेथे शक्य आहे तेथे अवलंबिली, तर कामाचे नुकसान न होता सकाळची धास्ती पुष्कळ कमी होईल.

प्रवाशांनीही या वेळेला आपल्या परीने माणुसकी आणली आहे. रोजच्या गाडीत एकमेकांसाठी जागा धरली जाते, दसऱ्याला गाडीला हार घातला जातो, सेवानिवृत्त होणाऱ्या सोबत्याला शेवटच्या फेरीत पेढे वाटले जातात. एखादा नेहमीचा प्रवासी दोन दिवस दिसला नाही, तर वाहकच त्याची चौकशी करतो.

श्रोतेहो, विकासाचे मोजमाप रस्त्यांच्या लांबीने आणि गाड्यांच्या संख्येने होते व ते आवश्यकही आहे. त्यात आणखी एका मापाची भर घालावयास हवी. सायंकाळी सात वाजता घराच्या उंबरठ्यावर आलेल्या माणसाच्या अंगी मुलाशी चार शब्द बोलण्याइतके त्राण शिल्लक आहे काय? ज्या दिवशी बहुतेक घरांतून या प्रश्नास 'होय' असे उत्तर येईल, त्या दिवशी गावातच राहून नोकरी करण्याची जी संधी या दोन जिल्ह्यांनी कष्टाने मिळविली, तिचे खरे चीज झाले असे म्हणता येईल.