‘राजकारण बाहेर बोला’ – पण बाहेर कुठे?

(नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

‘कामाच्या ठिकाणी राजकीय चर्चेवर मालकाने बंदी घालावी का?’ हा विषय मला दिला तेव्हा मला हसूच आलं. कारण अशी बंदी घाला म्हणून मालकाकडे गेलेली बाई मीच आहे. तेव्हा आधी ती हकिगत सांगते, मग माझं म्हणणं मांडते.

2019च्या लोकसभा निवडणुकीच्या आधीचे दिवस होते. मी एका खाजगी कंपनीत हिशेब खात्यात होते. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जी अंतर्गत समिती असते, तिची सदस्यही होते. आमच्या खात्यात एक मुसलमान बाई होती. कामाला चोख, बोलायला कमी. डबा खाताना बातम्यांचा विषय निघायचा आणि कुणीतरी तिच्याकडे बघून म्हणायचं, “तुमचं मत कुणाला ते आम्हाला ठाऊकच आहे.” सगळे हसायचे. हळूहळू ती आपल्या टेबलावरच डबा उघडायला लागली. मला ते बघवेना. मी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, ऑफिसातलं हे राजकारण बंद करा.

आठवड्याभरात नोटीस लागली. ‘कार्यालयाच्या आवारात कोणत्याही राजकीय विषयावर चर्चा करू नये. करावयाची असल्यास कामाच्या वेळेनंतर, आवाराबाहेर करावी.’ मला वाटलं, जिंकलो.

दोन-तीन महिन्यांनी पॅकिंगमधल्या बायका पाळणाघराबद्दल बोलायला लागल्या. 2017च्या कायदा-दुरुस्तीने 50 किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केलं होतं. आमच्याकडे माणसं त्याहून कितीतरी जास्त. एकीने एका महिला संघटनेचं पत्रक आणलं, डब्याच्या वेळी चौघींनी ते वाचलं. लगेच सुपरवायझरने त्यांना बोलावलं आणि नोटीस दाखवली. मी तावातावाने साहेबांकडे गेले. साहेब शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमच्याच मागणीवरून लावली ना ही नोटीस?”

त्या दिवशी मी घरी गेले ती मान खाली घालून. नंतर त्या नोटिशीवर पुष्कळ विचार केला.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की ‘राजकीय’ म्हणजे काय हे त्या नोटिशीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते साहेब ठरवणार होते. त्याच वर्षी कंपनीत सत्यनारायणाची पूजा झाली, तिला एका पक्षाचे नगरसेवक प्रमुख पाहुणे म्हणून आले, निवडणुकीबद्दल दोन शब्द बोलूनही गेले. ते राजकारण नव्हतं. साहेबांच्या केबिनमध्ये त्याच पक्षाच्या नेत्याचा फोटो असलेलं कॅलेंडर होतं. तेही राजकारण नव्हतं. पाळणाघर मागितलं ते मात्र राजकारण! ज्याच्या हातात सत्ता आहे त्याचं मत म्हणजे साधा व्यवहार, आणि ज्याच्या हातात ती नाही त्याने तोंड उघडलं की राजकारण, असं हे गणित आहे. घरात आपण हेच बघतो. सासऱ्यांनी कुणाला मत द्यायचं ते सांगितलं तर तो सल्ला असतो, सुनेने का म्हणून विचारलं तर वाद.

दुसरी गोष्ट ‘बाहेर’ या शब्दाची. नोटीस दिसायला सगळ्यांना सारखी होती. पण ऑफिस सुटल्यावर आमचे पुरुष सहकारी कोपऱ्यावरच्या टपरीवर थांबत, अर्धा तास बोलत, युनियन, पक्ष, पगार सगळं तिथे व्हायचं. आम्ही बायका बस गाठायला पळत होतो. वाटेत भाजी, घरी गेल्यावर स्वयंपाक, मुलांचा अभ्यास. टपरीवर बाई अर्धा तास उभी राहिली तर दुसऱ्या दिवशी तिची चर्चा होते. घरी राजकारणाचा विषय निघाला तर पुरुष बोलतात, आपण चहा टाकतो. मग सांगा, बाईला ‘बाहेर’ कुठे आहे? कित्येकींना दिवसभरात घराबाहेरच्या चार बायकांशी मोकळं बोलायला डब्याची ती अर्ध्या तासाची वेळच मिळते. तीही काढून घेतली की राजकारण फक्त पुरुषांपुरतं उरतं.

आपल्याकडच्या कामगार चळवळीला हा प्रश्न जुना आहे. आत बोलू देत नाहीत म्हणून गिरण्यांच्या दारात सभा व्हायच्या. पण पाळी सुटल्यावर दारात थांबणं पुरुषाला जितकं सोपं, तितकं घरी तान्हं मूल ठेवून आलेल्या बाईला नव्हतं. महाराष्ट्राने 1971 साली कामगार संघटनांच्या मान्यतेचा जो कायदा केला, त्यात मान्यताप्राप्त संघटनेला आवारात फलक लावायचा, वर्गणी गोळा करायचा आणि तंटा टाळण्या-मिटवण्यासाठी आवारातच कामगारांशी चर्चा करायचा हक्क दिला. म्हणजे आवारात बोलणं हा मालकाचा उपकार नाही, हे तेव्हाच कबूल झालं होतं. पण संघटनाच नसलेल्या ऑफिसात, दुकानात, कंत्राटी कामावर असलेल्या बायकांना या हक्काचा काय उपयोग?

सरकारी नोकरीतल्या मैत्रिणींची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार त्यांना पक्षाचं काम आणि निवडणूक प्रचार करता येत नाही. त्यात मला काही अंशी तथ्य वाटतं. रेशनकार्ड देणाऱ्या बाईने समोरच्याचा पक्ष बघून काम करू नये. पण म्हणून तिला तोंडच नाही असं होत नाही. बिहार सरकारने आपल्या नोकरांना कसलीही निदर्शनं करायला बंदी केली, तेव्हा 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि नोकरीत शिरल्याने माणूस मूलभूत हक्क गमावत नाही असं सांगितलं. त्याच न्यायालयाने 1969 साली मात्र रेल्वेच्या आवारात सभा घ्यायला केलेली बंदी उचलून धरली: हक्क आहे, पण दुसऱ्याच्या जागेत तो चालवता येईलच असं नाही. म्हणजे पुन्हा ‘बाहेर’! 2020 साली त्रिपुरात एका महिला कर्मचाऱ्याचं प्रकरण उच्च न्यायालयात आलं. ती एका राजकीय सभेला गेली आणि फेसबुकवर तिने मत लिहिलं म्हणून निवृत्तीला काही दिवस उरले असताना तिला निलंबित केलं होतं. न्यायालयाने सांगितलं की सभेला हजर राहणं म्हणजे राजकारणात भाग घेणं नव्हे.

आणि आपल्या अंगणवाडी सेविका? पगार मागितला की त्या मानधनावरच्या. मतदार याद्यांचं काम निघालं की त्यांनाच बीएलओ म्हणून दारोदार पाठवतात. 2017 मध्ये त्या संपावर गेल्या, तर मार्च 2018 मध्ये सरकारने त्यांना ‘मेस्मा’ लावला. विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्याच महिन्यात स्थगिती द्यावी लागली. निवडणुकीचं काम करायचं, पण स्वतःच्या मानधनाबद्दल बोलायचं नाही, हा कुठला न्याय?

आता तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, मग त्या मुसलमान बाईचं काय? तिने ऐकूनच घ्यायचं का? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण माझी चूक तिथेच आहे. तिला जे सोसावं लागलं ती चर्चा नव्हतीच. तो एका बाईला एकटं पाडण्याचा प्रकार होता. मी त्याला ‘राजकारण’ म्हटलं आणि मालकाला हवा तो शब्द त्याच्या हातात दिला. नोटिशीनंतर टोमणे बंद झाले, पण ती टेबलावर एकटीच जेवत राहिली. मग नोकरी सोडून गेली. तक्रार करायची तर अमुक माणसं अमुक बाईला तिच्या धर्मावरून त्रास देतात, अशी नावानिशी करायला हवी होती. मला सहकाऱ्यांशी वाकडं घ्यायचं नव्हतं, म्हणून मी सगळ्यांना लागू होणारी बंदी मागितली. आणि त्याहून साधी गोष्ट, माझा डबा उचलून तिच्या टेबलावर जाऊन बसणं, तीही मी केली नाही.

म्हणून आज माझं म्हणणं असं आहे. बंदी विषयावर नको, वागण्यावर हवी. जात, धर्म, बाईपण यांवरून कुणाला टोचणं, एकटं पाडणं याला मालकाने शिक्षा करावी. बंदी घालायचीच तर आधी वरच्यांवर घाला. पगारवाढ ज्याच्या सहीने होते त्या माणसाने हाताखालच्यांना मत कुणाला द्यायचं हे सुचवूही नये. कामात अडथळा येत असेल तर कामाच्या वेळेपुरता नियम असावा, डब्याच्या वेळेवर मालकाचा हक्क नाही. आणि पगार, कामाचे तास, संडास, पाळणाघर, छळ या विषयांना ‘राजकारण’ म्हणून कधीही गप्प करता कामा नये.

हे काही आकाशातून आणलेलं नाही. राजस्थानात भंवरीदेवी ही साथिन सरकारी कार्यक्रमाचं काम म्हणून बालविवाह थांबवायला गेली आणि 1992 साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून 1997चा विशाखा निकाल आला. त्या निकालात लिहिलंय की कामगारांच्या सभांत लैंगिक छळाचा विषय मांडू दिला पाहिजे आणि मालक-कामगार बैठकांतही त्यावर चर्चा झाली पाहिजे. 2013च्या कायद्याने तर जागृतीच्या कार्यशाळा घेणं ही मालकाची जबाबदारीच केली. बाईने कामाच्या जागी बोलावं, हे न्यायालयाने आणि संसदेने मान्य केलंय. त्या बोलण्याला राजकारण म्हणायचं असेल तर म्हणू देत. आपण तरी ते नाकारायचं कशाला?

मैत्रिणींनो, उद्या कामावर गेलात की नोटीस-बोर्ड वाचा. नेमणूकपत्रात बारीक अक्षरात काय लिहिलंय तेही वाचा. काय बोलायला मनाई आहे आणि ती कुणासाठी आहे, हे लिहून आणा. पुढच्या बैठकीत आपण ते एकत्र बघू. आणि डबा खाताना कुणी एकटी बसलेली दिसली, तर साहेबांकडे जायच्या आधी तिच्याकडे जा.