आडव्या शिळेची साक्ष

(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



उभ्या दगडाला शेंदूर लागतो, त्याच्यापुढे नारळ फुटतो. तोच दगड आडवा झाला की गुराखी त्याच्यावर बसून भाकरी खातो. यात गुराख्याचे काही चुकत नाही. परंतु माळावरचा प्रत्येक लांबट दगड म्हणजे पूर्वजांनी उभारलेला आणि काळाच्या ओघात कोसळलेला स्तंभ, असे मानणारा मात्र चुकतो. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून विषयाची सुरुवात त्या कबुलीनेच करतो.

पत्रकारितेतील माझ्या उमेदीच्या काळात एका उजाड पठारावर दहा-बारा फूट लांबीची एक शिळा मला दाखवण्यात आली. जवळपास वस्ती नाही, देऊळ नाही. मी भारावून गेलो आणि परत येऊन भलामोठा लेख लिहिला. ‘प्रागैतिहासिक स्तंभ’ हे शब्द मथळ्यातच होते. महिन्याभराने पुन्हा गेलो, तेव्हा वाटेवरच्या खाणीतले एक वृद्ध वडार सोबत आले. त्यांनी शिळेच्या कडेवरून हात फिरवला, एका रेषेत असलेल्या चार खाचांमध्ये बोट घातले आणि म्हणाले, “सायेब, ह्यो आमच्याच मान्सानं सोडलाय. ह्या पाचरीच्या खाचा. चीर वाकडी गेली, म्हून टाकून दिला.” पुढच्या अंकात मी चार ओळींचा खुलासा छापला. लेख वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी तो खुलासा वाचला असेल, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

त्या फजितीनंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो आणि वाचता वाचता पोहोचलो तो थेट इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यातील डार्टमूर या पठारावर. आपण इतक्या दूर कशाला जायचे, असे आपल्या मनात येईल. त्याला कारण आहे. आडव्या शिळा ओळखण्याच्या प्रश्नाचा तेथे फार बारकाईने विचार झालेला आहे. शिवाय ज्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आपल्या दख्खनमधील शिळांवर प्रथम लिहिले, त्यांनी आपल्या शिळा तिकडच्या शिळांच्या चष्म्यातून पाहिल्या. त्याकडे मी नंतर वळेन.

डार्टमूर हे ग्रॅनाइटचे पठार आहे. प्रागैतिहासिक काळात ओळीने उभारलेल्या शिळांच्या सत्तरहून अधिक रांगा तेथे आढळतात. अडचण अशी की, हिमयुगातील गोठण्या-वितळण्याने टेकड्यांच्या माथ्यांवरचे खडक फुटून हजारो लांबट फळ्या उतारांवर विखुरल्या आहेत. त्यांतली निसर्गाने टाकलेली कोणती आणि माणसाने उभारलेली कोणती? तज्ज्ञ प्रथम पाहतात ती जागा. उतारावर, आपल्यासारख्याच शेकडो फळ्यांच्या गर्दीत पडलेली शिळा फारसे काही सांगत नाही. खडकापासून दूर, सपाटीवर एकटीच असेल, तर कोणीतरी ती तेथवर ओढत आणली असण्याचा संभव वाढतो. मग पाहायचे ते टोकाकडे. उभी शिळा खड्ड्यात बसवताना तिच्या बुडाशी लहान दगड ठोकून ती घट्ट करतात. शिळा कोसळली, तरी ते दगड बहुधा तेथेच राहतात. नुसता खळगा मात्र पुरावा नव्हे, कारण मेंढरे आणि गुरे दगडाला अंग घासतात आणि त्यांच्या खुरांनीही भोवताली खळगा पडतो.

आणि पाहायच्या त्या पाथरवटाच्या खुणा. डार्टमूरमध्ये सुमारे १८०० पर्यंत पाचर मारण्यासाठी लांबट खाचा कोरत; त्यानंतर पहारीने गोल भोके पाडून त्यांत पाचरी ठोकण्याची पद्धत आली. अशा खुणांची रांग दिसली की तो दगड फाटकाचा खांब म्हणून कोणी घडवायला घेतला होता, ही शक्यता आधी तपासावी लागते. वाचताना मला त्या वृद्ध वडारांची आठवण झाली. दोन ओळींत त्यांनी मला हेच सांगितले होते!

या सगळ्या चाळण्यांतून पार पडलेले उदाहरण म्हणजे कट हिल. सुमारे ६०० मीटर उंचीची, वस्तीपासून दूर अशी ही टेकडी. २००४ साली टॉम ग्रीव्ह्ज या अभ्यासकाला तेथे नऊ मोठ्या आडव्या शिळा एका रांगेत आढळल्या. रांगेची लांबी २०० मीटरहून अधिक. दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जो काळा थर साचतो, त्याला तिकडे ‘पीट’ म्हणतात. पूर्वी जळणासाठी तो कापून नेत. त्या थराने या शिळा हजारो वर्षे झाकून ठेवल्या होत्या. आता गंमत पाहा. दगडाचे वय रेडिओकार्बन पद्धतीने काढता येत नाही, वनस्पतींचे येते. म्हणून ग्रीव्ह्ज आणि राल्फ फाइफ यांनी एका शिळेच्या खालचा आणि वरचा पीट तपासून घेतला. खालचा निघाला इ.स.पूर्व ३७०० ते ३५४० मधला, वरचा इ.स.पूर्व २४७६ ते २२४५ मधला. म्हणजे या दोहोंच्या दरम्यान केव्हातरी ती शिळा आडवी झाली किंवा आडवी ठेवली गेली. २०१० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा रांगा त्याहून बऱ्याच अलीकडच्या, कांस्ययुगातल्या, असा जो समज रूढ होता, त्याला या एका पडलेल्या शिळेने धक्का दिला.

ती शिळा कोणी उत्साहाने उभी केली असती तर? त्याच डार्टमूरमधील ड्रिझलकूम येथे १८९३ साली सुमारे सव्वाचार मीटर उंचीची शिळा हौशी संशोधकांनी पुन्हा उभी केली. आज ती डौलाने उभी आहे आणि पर्यटक तिची छायाचित्रे घेतात. त्या संशोधकांना मी दोष देत नाही. रेडिओकार्बन पद्धत अर्धशतकानंतर आली. शिळेखालच्या मातीला काही सांगायचे असते, याची त्या काळी कल्पना नव्हती. आपल्याला ती आहे.

आता आपल्याकडे वळू. मेडोज टेलर हे नाव ‘एका ठगाची जबानी’मुळे मराठी वाचकाला परिचित आहे. हे गृहस्थ निजामाच्या नोकरीत होते आणि शोरापूर संस्थानाचा कारभार पाहत. तेथील शिळास्मारकांची त्यांनी कष्टपूर्वक नोंद केली, याबद्दल आपण ऋणीच राहायला हवे. पण १८६० च्या दशकात त्यांनी लिहिलेल्या प्रबंधाच्या शीर्षकातच या स्मारकांना ‘केल्टिक, ड्रुइडी अथवा सिथियन’ म्हटले होते. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे १८६७ साली उकरणारे रिव्हेट-कार्नॅक यांनीही तेथील वाटीसारख्या खुणांची तुलना ब्रिटनमधील खुणांशी केली. दख्खनच्या माणसाने दख्खनमध्ये दगड उभारला, हे त्यांना पुरेसे वाटेना. या दृष्टीवर आपण टीका करतो ती योग्यच आहे. परंतु पुराव्याच्या आधी निष्कर्ष काढण्याची ती सवय आपणच उचलली, तर त्या टीकेला अर्थ काय उरला?

कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, निलस्कल आणि बैसे येथे उभ्या शिळांचे समूह आहेत. श्रीकुमार मेनन आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया यांनी मोजणी करून असे मांडले की, तेथील काही शिळांच्या जोड्या अयनदिनांच्या सूर्योदय-सूर्यास्ताची दिशा दाखवतात. विषय मोहात पाडणारा आहे, आणि म्हणूनच येथे आडव्या शिळांची छाननी कडक हवी. समूहात ३० शिळा धरल्या, तर जोड्या होतात ४३५. निसर्गतः पडलेले दहा धोंडे ‘पडलेले स्तंभ’ म्हणून त्यांत मिसळले, तर जोड्या ७८० वर जातात. इतक्या जोड्यांतून कोणती ना कोणती सूर्याकडे बोट दाखवणारच.

महाराष्ट्रात तर आणखी एक फसवणूक आहे. आपला काळा पाषाण थंड होताना कधी कधी आपोआप पैलूदार खांबांच्या आकारात चिरतो. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिलेल्यांना हे ठाऊक असेल. असा सुटलेला खांब माळावर दिसला, तर तो घडवलेलाच वाटतो. उलट, पालथी पडलेली शिळा वीरगळ किंवा गद्धेगळ असू शकते. मग ती प्रागैतिहासिक नव्हे, मध्ययुगीन ठरते आणि तिचे मोल वेगळ्या कारणाने मोठे असते.

रविवारी डोंगरभटकंतीला जाणारे अनेक तरुण येथे बसले आहेत. अशी शिळा दिसली तर मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या, होकायंत्रावर दिशा नोंदवा, दोन्ही टोके आणि कडा नीट पाहा. गावातल्या गुराख्याला आणि वडाराला विचारा. राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा आणि कळवताना ‘स्तंभ’ लिहू नका, ‘लांबट शिळा’ असे लिहा. शेंदूर लावू नका. खाली काय आहे ते पाहण्यासाठी उलटवू नका. आणि मोहीम कितीही उत्साहाची असो, पहार बरोबर नेऊ नका.