आखाती परिषदेतला धाकटा भाऊ
(मलकापूर येथे युवकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कराड-मलकापूर भागात 'दुबई' म्हटलं की नोकरी, व्हिसा आणि घरी येणारे पैसे एवढंच डोळ्यांसमोर येतं. मी सॉफ्टवेअरमधला, तिकडच्या क्लायंटचं बिल वेळेवर निघालं की आम्हीही पुढचा विचार करत नाही. आज तो करू.

१९८१ मध्ये सहा देशांनी आखाती सहकार्य परिषद स्थापन केली. सौदी अरेबिया त्यातला थोरला. संयुक्त अरब अमिराती आकाराने त्याच्यापुढे अगदीच लहान. पण तेलाचा पैसा तिने बंदरं, विमानसेवा आणि मुक्त व्यापार क्षेत्रांत घातला. १९७९ मध्ये सुरू झालेलं जेबेल अली बंदर हा त्याचा पाया. दुबई सरकारच्या 'डीपी वर्ल्ड'ने २००६ मध्ये 'पी अँड ओ' कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर आपल्या न्हावा शेवा बंदरातलं एक कंटेनर टर्मिनलही त्यांच्याकडे गेलं. आपल्या सांगलीची द्राक्षं परदेशी जातात ती याच बंदरातून.

पैसा आला तसा शब्दालाही वजन आलं. सामायिक चलनाची मध्यवर्ती बँक रियाधला होणार असं ठरताच २००९ मध्ये अमिराती त्या योजनेतून बाहेर पडली. ते चलन अजून आलेलं नाही. येमेनच्या युद्धात दोघं एकत्र उतरले, पण पुढे अमिरातीने दक्षिणेतल्या फुटीरांना बळ दिलं आणि सौदी तिथल्या सरकारमागे राहिला.

आपल्याकडे काहीजण म्हणतात, ते सगळे एकाच धर्माचे, त्यांचं आपसात जमतंच. जून २०१७ आठवा. सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारची नाकेबंदी केली. कतारची एकमेव जमिनीवरची सीमा बंद झाली, तीही ऐन रमजानमध्ये. ती उठायला जानेवारी २०२१ उजाडला. तिथे हिशेब सत्तेचा होता.

त्याच २०२१ मध्ये थोरल्यानेही हात दाखवला. प्रादेशिक मुख्यालय आमच्याकडे नसेल, तर १ जानेवारी २०२४ पासून सरकारी कंत्राट नाही, असं सौदीने परदेशी कंपन्यांना बजावलं. मुक्त क्षेत्रांत बनलेल्या मालाची जकात-सवलतही काढली. दोन्हींचा रोख कुणाकडे, हे नाव न घेताही सगळ्यांना कळलं.

याची झळ तुमच्या ऑफर लेटरपर्यंत येते. मुलाखत दुबईच्या ऑफिसची आणि काम रियाधचं, असं असेल तर व्हिसा कुठल्या देशाचा, करार कुठल्या कायद्याखाली आणि ऑफिस हललं तर तुमचं काय, हे सही करण्याआधी लेखी विचारा. पगाराचा आकडा त्यानंतर बघा.

आता तुमचे प्रश्न घेतो.