ओट्याखालचा थेंब

हरियाणातील मानेसर हे अरवलीच्या पायथ्याचे उद्योगनगर. त्या गुरुग्राम जिल्ह्यात भूजल जितके मुरते त्याहून अधिक उपसले जाते. तेथे सिंकखाली टपकणारा थेंब क्षुल्लक कसा मानावा? सेकंदाला एक, आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी दिवसाकाठी सव्वाचार लिटर पाणी जाते.

प्रथम खालची चावी बंद करून वरचा नळ सोडावा, म्हणजे नळीतला दाब उतरतो. लवचिक नळीच्या टोकाशी पाणी अडवतो तो रबरी वायसर. तोच चिरला असेल, तर टेफ्लॉनची पट्टी कितीही गुंडाळा, व्यर्थ! ती आट्यांच्या सांध्यासाठी. नवा वायसर घालून नट हातानेच बसवावा. पान्याचा जेमतेम पाव फेरा पुरे. येथे बळाची हौस नडते, वायसर चिरडतो. रात्री सांध्याखाली वाटी ठेवावी. सकाळी ती कोरडी हवी.